तोट्याची मर्यादा आणि मालकाचा खिसा

संपादक महोदय,

इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमध्ये २०२५-२६च्या हंगामापर्यंत सगळ्या क्लबांना तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांपर्यंत तोटा चालत होता, असं सरसकट छापलं जातं. ते अर्धंच खरं. मूळ सूट फक्त दीड कोटीची होती. वरचे नऊ कोटी मालकाने भागभांडवल म्हणून ओतले तरच. म्हणजे मर्यादाच मालकाच्या खिशानुसार ताणली जायची!

त्यात हिशेबाच्या तारखा. क्लबच्याच अकादमीत घडलेला खेळाडू विकला की येणारी रक्कम जवळपास पूर्ण नफा धरतात, कारण पुस्तकात त्याची खरेदी किंमत शून्य. नॉटिंगहॅम फॉरेस्ट या क्लबने असाच अकादमीतला ब्रेनन जॉन्सन विकला, पण १ सप्टेंबर २०२३ला. हिशेबाचं वर्ष ३० जूनलाच बंद झालं होतं, म्हणून ती रक्कम त्या वर्षात धरली गेली नाही. थांबल्यामुळे किंमत चांगली आली, पण तोट्याची मर्यादा ओलांडल्याबद्दल मार्च २०२४मध्ये त्यांचे चार गुण कापले गेले. खालच्या लीगमधून नुकतेच वर आलेले असल्यामुळे त्यांची मर्यादा ६.१ कोटीच होती, हे वेगळंच.

चेल्सी क्लबने मात्र आपली दोन हॉटेलं आपल्याच समूहातल्या कंपनीला ७.६५ कोटींना विकली आणि तोटा झाकला. लीगच्या नियमांत त्याला मज्जाव नव्हता. युएफा, म्हणजे युरोपीय फुटबॉलची नियामक संस्था, असा नफा धरत नाही. या खिशातून त्या खिशात टाकलेल्या पैशाला उत्पन्न म्हणायचं, तर सख्ख्या कंपन्या नसलेल्या क्लबाने काय विकावं? आधी ही फट बुजवा, गुण नंतर कापा.

– एक वाचक, कोल्हापूर