टारंटुला आणला, पण कोणता?

संपादक महोदय,

टारंटुला हा मोठा केसाळ कोळी पाळायला घेताना बहुतेक जण रंगावर भुलतात आणि विक्रेत्याने सांगितलेले टोपणनाव घेऊन घरी येतात. ‘रेड नी’ या एकाच नावाने ब्राकिपेल्मा हमोरी आणि ब्राकिपेल्मा स्मिथी हे दोन वेगळे मेक्सिकन कोळी विकले जातात. शास्त्रीय नाव पावतीवर लिहूनच घ्यावे. हे दोन्ही ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, त्यामुळे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंदणी करावी लागते.

चिडल्यावर मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवणारा कोळी अमेरिका खंडातला. ते केस डोळ्यांत रुतून बसतात, म्हणून पेटीत वाकून पाहू नये. केस न उडवता पुढचे पाय उचलून धावून येणारा बहुधा आशिया-आफ्रिकेतला. आपल्या सह्याद्रीतल्या झाडांच्या ढोलीत राहणारा पोसिलोथेरिया रेगॅलिस हा त्यातलाच. तो चावला तर स्नायूंत जबर पेटके येतात. त्याला रानातून उचलून आणणे सर्वथा चूक आहे.

रेड नी जमिनीवर राहतो. पायांसकट त्याची लांबी १२ सेंमी असेल, तर मातीपासून झाकणापर्यंत १८ सेंमीहून जास्त उंची नको. उंचावरून पडला की पोट फुटते आणि तो वाचत नाही. तळाला १० सेंमी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दाबून भरावे, आडोशाला झाडाची साल आणि पाण्याची उथळ वाटी ठेवावी. वाटीत स्पंज घालू नये, तो कुजतो. झाकणाला जाळी नको, तिच्यात नख्या अडकतात. बाजूंना भोके पाडावीत. आपल्याकडच्या हवेत गरम दिव्याची गरज नाही. पावसाळ्यात कोकोपीटला बुरशी धरते, तेव्हा वरचा थर कोरडाच ठेवावा.

सगळ्यात जास्त घात होतो तो कात टाकताना. त्याआधी कोळी कित्येक आठवडे खात नाही, पोटावरचा केस गेलेला भाग काळवंडतो. मग तो चक्क उताणा पडतो. मेला समजून लोक त्याला सरळ करतात, आणि तिथेच तो खरोखर मरतो. मेलेला टारंटुला सहसा उताणा नसतो. त्याचे पाय मुठीसारखे पोटाखाली आवळलेले असतात. उताण्या कोळ्याला हातही लावू नये, फक्त खाऊ म्हणून पेटीत सोडलेले रातकिडे काढून घ्यावेत, कारण ते त्याचे मऊ अंग कुरतडतात. कात टाकल्यावर नवे सुळे आधी पांढरे, मग लालसर, शेवटी काळे होतात. पूर्ण काळे झाल्यावरच, म्हणजे मोठ्या कोळ्याला साधारण दोन आठवड्यांनी, खाऊ द्यावा. टाकलेली कात जपून ठेवावी, तिच्यावरून नर-मादी ओळखता येते.

घरातली झुरळे पकडून मात्र कधीही घालू नयेत, त्यांच्या अंगात कीटकनाशक असू शकते. डास मारायचे लिक्विड आणि झुरळांचा खडू त्या खोलीत नकोच. पेस्ट कंट्रोल करायचे असेल, तर पेटी आधी दुसऱ्या घरी हलवावी.

– एक कोळीपालक, पुणे