हौसेची जुनी कार : आधी कागद, मग पत्रा, रंग सगळ्यात शेवटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात जुनी छोटी गाडी घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः हात काळे करून ती उभी करायची, ही हौस तरुणांत वाढते आहे. हौस चांगली आहे. बेळगावसारखे गाव त्यासाठी शोधून सापडणार नाही. उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीत हेडचे फेसिंग (इंजिनाच्या वरच्या झाकणाचा तळ घासून सपाट करणे), सिलिंडरचे बोअरिंग (आतून पुन्हा गोल कोरणे), एखादा न मिळणारा बुश लेथवर टर्न करून घेणे ही रोजची कामे आहेत. पण बहुतेक जण उलटीकडून सुरुवात करतात. आधी अलॉय व्हील, सीट कव्हर, नवा रंग, मग इंजिन, आणि कागदपत्रे आठवतात तेव्हा पैसे देऊन झालेले असतात. हा क्रम बदलावा म्हणून हे पत्र.

गाडी कोणती घ्यावी? मारुती 800 ला आजही तोड नाही. 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, जेमतेम साडेसहाशे किलो वजन, आणि लहान गावातही सुटे भाग मिळतात. पहिली 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली, शेवटची जानेवारी 2014 मध्ये कारखान्यातून बाहेर पडली. म्हणजे बाजारात बाराही महिने माल आहे. साधारण 2000 सालापर्यंतच्या गाड्या कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांत्रिक रीतीने मिसळणाऱ्या. शिकायला त्याच बऱ्या, कारण बिघाड डोळ्यांना दिसतो आणि हाताने दुरुस्त होतो. फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, दिसायला देखणी. पण मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या टॅक्सी 2023 मध्ये हद्दपार झाल्या. तिचे भाग शोधत फिरण्याची तयारी असेल तरच तिच्या वाटेला जावे.

आता कागद. सीमाभागात इथेच सर्वांत जास्त फसवणूक होते. कोल्हापूरची एमएच-09, सांगलीची एमएच-10 किंवा गोव्याची गाडी स्वस्त दिसते म्हणून घेतली जाते आणि तशीच वर्षानुवर्षे इकडे फिरते. मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी मूळ आरटीओ कार्यालयाकडून फॉर्म 28 वर ना-हरकत, विक्रीसाठी फॉर्म 29 आणि 30, नव्या नंबरसाठी फॉर्म 27, शिवाय गाडीच्या वयानुसार कर्नाटकाचा आजीवन कर. गाडी पंधरा वर्षांपुढची असेल तर महाराष्ट्रातला पर्यावरण कर थकलेला नाही ना, हेही आधी बघावे. तो भरल्याशिवाय ना-हरकत पुढे सरकत नाही. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचा बोजा दिसत असेल तर 'कर्ज कधीच फिटले' या तोंडी शब्दावर जाऊ नका. बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 विकणाऱ्यानेच आणून द्यायला हवेत.

खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. पंधरा वर्षांवरील कारचे नूतनीकरण शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये झाले आणि ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील कारसाठी ते 10,000 रुपये केले. तीस-चाळीस हजारांच्या गाडीसाठी ही रक्कम लहान नाही. ती सौद्यातच वजा धरा. नव्या सुरक्षा नंबरप्लेटची घाई करू नका. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना ती दोन्ही राज्यांत बंधनकारक आहे, पण नंबर बदलायचाच असेल तर आधी लावलेली प्लेट वाया जाते. आणि 'पन्नास वर्षे झाली की व्हिंटेज' या नियमाचा 800 ला सध्या काही उपयोग नाही, पहिलीच 1983 ची आहे.

बॉनेट उघडून पत्र्यावर ठोकलेला चेसिस नंबर आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. त्या जागेला गंज लागून आकडे खाल्ले गेले असतील तर ती गाडी कितीही देखणी असली तरी सोडून द्या. तपासणीत ती अडकणारच.

पत्रा बघताना गाडी कुठे राहिली होती हे विचारणे निम्मे काम करते. कणकुंबी, जांबोटी, खानापूरच्या पावसात किंवा गोवा-कारवार-सावंतवाडीच्या खाऱ्या हवेत राहिलेली गाडी वरून चकचकीत आणि खालून चाळणी असू शकते. अथणी-रायबागकडच्या कोरड्या हवेतल्या गाडीचा पत्रा सहसा टिकलेला असतो. तिथे उन्हाने रबर आणि वायरिंग कडक झालेले मिळते. आमचे मत विचाराल तर कोरड्या हवेतलीच घ्यावी. रबर आणि वायर बदलता येतात, पत्रा मात्र पिढीजात दुखण्यासारखा पुन्हा पुन्हा उठतो.

तपासणीला खिशात लोहचुंबक, टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर पुरे. चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेवर, मागच्या चाकांच्या कमानीवर, दाराखालच्या उंबऱ्यावर फिरवा. जिथे पकड सुटते तिथे जाड पुट्टी (पत्र्यावर भरलेला लेप) आहे. पुढची दोन्ही पायपुसणी आणि खालचा गालिचा उचला. ओला वास येत असेल तर फ्लोअर दाबून पाहा. बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा आणि शॉकअॅब्सॉर्बर जिथे वर बोल्टने बसतो ते टॉवर यांच्याकडे खास लक्ष द्या. ट्रे बदलता येतो. टॉवर फाटलेली गाडी नवशिक्याने घेऊ नये.

फ्लोअरला ठिगळ लावताना साधे आर्क वेल्डिंग करू देऊ नका, पातळ पत्रा जळून भोक मोठे होते. गॅसने तो वाकतो. सीओटू वेल्डिंगच (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणाखाली तारेने होणारे) करून घ्या. गंजलेला भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचा, 20 गेजचा तुकडा साधारण दोन सेंटिमीटर चढवून बसवायचा, आणि एका रेषेत न जोडता इकडे एक टाका, तिकडे एक टाका असे जोडत जायचे, म्हणजे उष्णतेने पत्रा पिळत नाही. त्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा, आणि फ्लोअरखालून पेट्रोलची नळी जाते हे विसरू नका. मागच्या बाजूचे काम असेल तर टाकी उतरवल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही. जोडावर इपॉक्सी प्रायमर, सांध्यात सीलर, मग अंडरकोटिंग. गंजावर थेट डांबरी अंडरकोटिंग फासणे म्हणजे ओल आत कोंडून ठेवणे. दाराच्या खालच्या कडेची पाणी जाण्याची भोके पुट्टीने बुजलेली असतात, ती मोकळी करा.

गाडीखाली जाताना जॅकच्या भरवशावर जायचे नाही आणि विटांच्या तर नाहीच. वीट सूचना न देता फुटते. लोखंडी स्टँड लावा.

बरीच वर्षे उभी असलेली गाडी विकत घेतल्या घेतल्या सेल्फ मारू नये. तिन्ही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. मोकळे फिरले तर जुने पेट्रोल आणि ऑइल काढून टाका, फिल्टर बदला, आणि प्लग न लावताच ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा. तीन लिटरचा एक कॅन 800 ला पुरतो. टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅम यांना जोडणारा पट्टा) कधी बदलला हे लेखी नसेल तर तो बदललेला नाही असे समजा. बेल्टसोबत टेन्शनर आणि क्रँक-कॅमचे ऑइल सीलही बदला, कारण सीलमधून झिरपणारे ऑइलच नव्या बेल्टचा जीव घेते.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गरम इंजिनवर, सर्व प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून मोजावे. आकड्याइतकाच तिन्ही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो एक किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आत हवा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडरचा बोअर झिजले आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळा धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील, चढणीला येत राहिला तर रिंग. 'इंजिन खोलावेच लागेल' असे सांगणाऱ्या मेस्त्रीला आधी हे आकडे विचारा.

गरम होणे हा या इंजिनाचा खरा शत्रू. हेड अॅल्युमिनियमचे, एकदा जोरात तापले की वाकते. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून 0.05 मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर फेसिंग करून घ्यावे. नुसते नवे गॅस्केट टाकून भागत नाही, महिन्याभरात ते पुन्हा जाते. तापण्याची कारणे बहुतेक वेळा किरकोळ असतात: रेडिएटरचा पंखा चालू करणारा थर्मोस्विच मेलेला, नाहीतर वर्षानुवर्षे बोअरवेलचे पाणी भरून आत साचलेला क्षार. पाणी नळाचेही नको. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्याने गाडी थंड राहते खरी, पण इंजिन योग्य तापमानाला पोचतच नाही, पेट्रोल जास्त लागते आणि ऑइल लवकर खराब होते.

आता इथेनॉल. पंपावर मिळते ते पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचे आहे, आणि त्यातले काही आपल्याच चिकोडी-अथणी-गोकाकच्या उसाचे असणार. तक्रार कोणाकडे करायची! जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांचे रबर या इंधनासाठी बनलेले नव्हते. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी इथेनॉलला चालणारी, शिक्का असलेली घ्या. दुकानात मिळणारी पारदर्शक प्लास्टिकची नळी इंजिनाजवळ लावू नका. ती कडक होऊन क्लिपपाशी चिरते आणि गाडीला आग लागते. कार्ब्युरेटरचे किट, नीडल व्हॉल्व्ह, अॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम आणि यांत्रिक पेट्रोल पंपाचा डायफ्राम एकदमच बदला. पंपाचा डायफ्राम फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरू शकते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथेच बंद करावी. इथेनॉल ओल ओढून घेते, त्यामुळे पावसाळाभर गाडी झाकून ठेवणार असाल तर कार्ब्युरेटरचे फ्लोट चेंबर, म्हणजे त्यात पेट्रोल साठते ती जागा, रिकामे करा. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोके) तारेने कोरू नका. भोक मोठे झाले की मायलेज गेले. क्लीनर आणि हवेने साफ होते.

आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, इंजिन वर-खाली होत असेल तर स्क्रू फिरवत बसण्याआधी व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या बघा. काढण्यापूर्वी प्रत्येकीला चिकटपट्टीवर क्रमांक लिहून लावा, फोनवर फोटोही काढा.

ब्रेकमध्ये काटकसर नको. मास्टर सिलिंडरचे किट, मागच्या व्हील सिलिंडरचे रबर कप, पुढचे रबरी होज आणि सगळे जुने ऑइल बदला. कप साफ करायला पेट्रोल किंवा डिझेल वापरले तर रबर फुगते आणि ब्रेक अडकतो. ब्रेक ऑइलच वापरावे. चोर्ला किंवा आंबोली घाटात उतरण्याआधी शंभरेक किलोमीटर सपाटीवर चालवून, ब्रेकचे ड्रम उघडून पुन्हा पाहावे. पूर्ण स्टिअरिंग वळवून चालवताना कट-कट आवाज आला तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट गेला. बहुधा रबरी बूट फाटून ग्रीस वाहून गेलेले असते. बूट वेळीच बदलला तर जॉइंट वाचतो.

टायर 145/70 आर 12. नवे म्हणून विकलेल्या टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर खाचा कितीही खोल असल्या तरी नको. मोठे रिम, रुंद टायर बसवणे हौशींना आवडते. पण कंपनीच्या मापाबाहेरचा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतो, आणि अपघातात विमा कंपनीला तेवढे कारण पुरते. हेडलाइटला 60/55 वॉटऐवजी 100/90 चे बल्ब लावले तर कॉम्बिनेशन स्विच वितळतो. उजेड हवा असेल तर रिले बसवून मूळ वॉटचाच बल्ब लावा. निम्म्याहून जास्त 'करंट नाही' तक्रारी अर्थच्या वायरी घासून पुन्हा आवळल्या की सुटतात. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले म्हणजे आल्टरनेटर ठीक.

हे सगळे झाल्यावर आणि गाडी महिनाभर रोज चालल्यावर रंग. डिसेंबर ते मे हाच आपल्याकडचा काळ. दमट हवेत ड्युको (लवकर वाळणारा फवारणीचा रंग) मारला की पांढरट पडतो.

जुन्या गाड्या विकणाऱ्यांना एक विनंती. जाहिरातीत डॅशबोर्ड आणि नव्या सीटचे फोटो भरपूर असतात. त्याऐवजी आरसीची मुदत, बोजा आहे की नाही, आणि उंबरा, फ्लोअर व शॉकअॅब्सॉर्बर टॉवर यांचे तीन फोटो टाकावेत. तेवढ्यावर लांबून येणारा माणूस यायचे की नाही ते ठरवू शकेल.

आपले,
उद्यमबाग परिसरातील काही मेस्त्री व हौशी वाहनधारक, बेळगाव