घाटात रेंज नाही, मग गाड्यांनीच एकमेकींना सांगावे

महोदय,

गेल्या गणपतीत मुंबईहून चिपळूणला येताना पोलादपूरच्या पुढे आमची गाडी तीन तास जागची हलली नाही. फोनवरचा नकाशा रस्ता मोकळा दाखवत होता. रेंज गेल्यामुळे तो मघाचाच होता, हे उशिरा लक्षात आले. मांडीवर मखराचे सामान, मागे आजारी आई. शेवटी समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने काच सरकवून सांगितले, "ट्रेलर आडवा झालाय, एकेरी सोडतायत." तेवढ्यानेही जीव भांड्यात पडला.

त्या ड्रायव्हरने केले ते काम आता गाड्या स्वतः करू शकतात. ५.९ गिगाहर्ट्झच्या लहरींवर गाडीतले यंत्र आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेक लागला का, हे सेकंदाला साधारण दहा वेळा आसपासच्या गाड्यांना कळवते. त्याला मोबाइलचा टॉवर लागत नाही. डोंगर आड आला की लहर अडते, म्हणून घाटातल्या वळणावळणावर खांबावर हा निरोप पुढे पोचवणाऱ्या पेट्या मात्र हव्यात.

प्रत्येक गाडीत यंत्र येईपर्यंत थांबायलाही नको. थोड्या गाड्यांच्या वेगावरून मागे रांग किती लागली असेल, याचा अंदाज मशीन लर्निंग, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकणारा संगणक, बांधतो. सुरुवात एसटीपासून करावी. ती रात्रंदिवस याच रस्त्यावर असते. पण त्या संगणकाचे शिक्षण आपल्या रस्त्यावरच व्हायला हवे. गणेश चतुर्थी २०२४ला ७ सप्टेंबरला होती, २०२५ला २७ ऑगस्टला. नुसत्या तारखा पाठ केलेला संगणक चाकरमान्यांच्या गर्दीत हमखास चुकणार, त्याला पंचांगही द्यावे लागेल. कोणाची गाडी कुठे गेली याची नोंद मात्र साठवू नये. रांग मोजायला गाडीचा नंबर लागत नाही.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहने पाण्यात गेली. पुलावरची गाडी एकाएकी गप्प झाली, हे काठावरच्या पेटीला कळले असते, तर मागून येणाऱ्याला निदान 'थांब' म्हणता आले असते. ही गोष्ट मनातून जात नाही.

पुढच्या गणपतीआधी कशेडी आणि परशुराम घाटात तरी ही यंत्रे बसवून पाहावीत, अशी सरकारला कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, चिपळूण