चि. मृणालला, जोडपदवीच्या अर्जाबद्दल

सांगली

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर सांगितलेस की जे.डी. या कायद्याच्या पदवीबरोबरच करकायद्यातील एलएल.एम. या पदव्युत्तर पदवीसाठीही जोडपदवीचा अर्ज भरते आहेस, तेव्हा मी ‘बरं’ एवढेच म्हणून फोन आईकडे दिला. एवढ्याने पोरीला काय समजायचे, असे तिचे म्हणणे पडले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

निवड उत्तम आहे. तुझ्या न्यूयॉर्क विद्यापीठात करकायद्याचे पदव्युत्तर शिक्षण १९४५ पासून दिले जाते, आणि जे.डी.त घेतलेल्या करविषयांची काही क्रेडिट्स दुसऱ्या पदवीलाही धरली जात असल्यामुळे, दोन्ही पदव्या स्वतंत्रपणे घेण्यास लागणारी चार वर्षे लागत नाहीत. वाढीव कर्जाचे मी बँकेत बोलून आलो आहे. त्याची काळजी तू करायची नाहीस.

मात्र एक विचार मनातून जात नाही. करार, नुकसानभरपाई, पुरावा या विषयांत तिकडच्या आणि इकडच्या कायद्याचे मूळ एकच, इंग्रजी आहे. तिकडे शिकलेले इकडे उपयोगी पडते. करकायदा ज्या त्या देशाचा असतो. अमेरिकेची १९८६ची महसूल संहिता कोळून प्यायलेल्या वकिलाला इथे कितीसे काम मिळेल? शिवाय परदेशी पदवीवर इथे सनद घ्यायची, तर बार कौन्सिलची पात्रता परीक्षा द्यावी लागते. परत येण्याबद्दल तुला विचारायचे नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे आणि मी विचारत नाही.

तू आठवीत होतीस. जुलैअखेरीस विवरणपत्रांची घाई चाललेली, आणि मार्केट यार्डातल्या एका अडत्याचे कागद लावता लावता तू विचारलेस, की हळद शेतकऱ्याकडे असेपर्यंत कर नाही आणि अडत्याच्या नफ्यावर आहे, तर मग शेतकऱ्यानेच ती शिजवून वाळवली तर काय? बाजारात आणण्याजोगी करण्यासाठी शेतकरी नेहमी जे करतो, ते शेतीतच धरतात, असे मी सांगितले. “आणि पूड केली तर?” हा तुझा पुढचा प्रश्न. ज्या रेषेवर न्यायाधिकरणांत वर्षानुवर्षे वाद चालतात, तिच्यावर तू आपण होऊन बोट ठेवले होतेस. त्या रात्री मी नानांना मिरजेला फोन करून हे सांगितले होते.

म्हणून सुचवतो, की विषय निवडताना आंतरराष्ट्रीय करआकारणी आणि करसंधी, म्हणजे देशादेशांतले करविषयक करार, यांना पहिले स्थान दे. व्होडाफोनचे प्रकरण आठव: सौदा केमन बेटांवरच्या कंपनीच्या शेअरचा, धंदा भारतातला, म्हणून इथल्या प्राप्तिकर खात्याने कर मागितला; २०१२च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, त्याच वर्षी संसदेने कायद्यात पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या व्यवहारांनाही लागू होणारी, दुरुस्ती केली, आणि ती मागे घ्यायला २०२१ उजाडले. अशा कामांना दोन्ही बाजूंचा कायदा जाणणारी माणसे लागतात आणि ती मुंबईत बसूनही करता येतात. भारत-अमेरिका करसंधी १९८९ची आहे, ती मुळातून वाच. इकडे १९६१चा प्राप्तिकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून ५३६ कलमांचा नवा कायदा लागू होत असल्याने, आम्हा जुन्यांनाही पुन्हा शिकावे लागणार आहे. म्हणजे इथे तू फार मागे पडशील असेही नाही. आणि अमेरिका आपल्या नागरिकांवर ते जगात कुठेही राहिले तरी कर लावते, हे तू जाणतेसच. नागरिकत्वाचा प्रश्न कधी समोर आला, तर सही करण्यापूर्वी एकदा माझ्याशी बोल.

हा उपदेश झाला. रागावू नकोस, अर्ज तुझा आहे, विषयही तूच ठरव. आपल्या घरात करकायदा न्यायालयात उभे राहून मांडणारे अजून कोणी झाले नाही, आणि ते तू करशील याचा मला फार अभिमान आहे.

अर्जासोबतचे निवेदन लिहून झाले की पाठव. त्यात हळदीचा प्रसंग जरूर घाल. आणि पुढे कुठे राहायचा विचार आहे, असे अर्जात विचारले असेल, तर तू काय लिहिलेस तेवढे मला कळव.

तुझे
बाबा