ते छायाचित्र नव्हे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत लंडनच्या जुन्या सेंट पॉल कॅथेड्रलचे चित्र छापून खाली ‘छायाचित्र’ असे लिहिले आहे. ती इमारत १६६६च्या आगीत गेली. तेव्हा कॅमेरा कुठला? ते वेन्सेस्लाउस होलार या चित्रकाराचे एचिंग आहे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेले चित्र; विल्यम डगडेलच्या याच कॅथेड्रलवरच्या १६५८च्या ग्रंथासाठी केलेले.

तीस वर्षे छापखान्यात जस्ताचे ब्लॉक केले, म्हणून हे डोळ्यांना खुपले. एचिंग करताना तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघ ओढायची, मग पत्रा आम्लात. चित्र उलटे काढावे लागते, अक्षरेसुद्धा! लेकीने लंडनहून डगडेलच्या ग्रंथातल्या एका पानाची छापप्रत आणली आहे. भिंगातून पाहिले की खांबांवरची सावली म्हणजे नुसत्या समांतर रेघा दिसतात, कुठे दाट, कुठे विरळ. एक रेघ चुकली तर काय होते, हे आमच्या धंद्यातल्यांनाच ठाऊक.

होलार मूळचा प्राहाचा (प्रागचा). इंग्लंडमधल्या राजा विरुद्ध संसद या यादवी युद्धाच्या काळात संसदेच्या बाजूच्या क्रॉमवेलच्या स्वारांनी त्या देवळात घोडे बांधले होते. एका पत्र्यावर होलारने लॅटिनमध्ये कोरले आहे की, रोज कोसळण्याची वाट पाहणाऱ्या या चर्चची आठवण आपण अशी जपली. आठ वर्षांत आग लागलीच. मनोऱ्याचे टोक तर १५६१लाच विजेने गेले होते, तरी एका चित्रात त्याने तेही उभे केले. म्हणजे पाहिलेले आणि ऐकलेले, दोन्ही. छायाचित्राला हे जमते का?

पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी, आणि होलारचे नावही.

आपला,
एक निवृत्त ब्लॉकमेकर, पुणे