पाच धुराड्यांचं ते जहाज ड्रेडनॉट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ड्रेडनॉट, म्हणजे एकाच मापाच्या मोठ्या तोफांच्या युद्धनौकांवरचा लेख आवडीनं वाचला. ब्रिटन आणि जर्मनीची चढाओढ लेखकानं झकास रंगवली आहे. फ्रान्सच्या वाट्याला मात्र ‘आळसामुळे मागे पडला’ एवढं एकच वाक्य आलं. शेजारच्या छायाचित्राखाली ‘फ्रान्सची ड्रेडनॉट’ असं छापलंय. कृपया त्यातली धुराडी मोजावीत. ती पाच भरतात, म्हणजे ती ‘दाँतों’ वर्गातली नौका आहे. फ्रान्सच्या खऱ्याखुऱ्या ड्रेडनॉटना, म्हणजे ‘कूर्बे’ वर्गाला, तीन धुराडी होती.

एवढ्यासाठी पत्र कशाला, असं वाटेल. पण मी उभी हयात मुंबईच्या एका गोदीत भांडारात काढली. आमचे आजोबा लढाऊ जहाजाला ‘मनवार’ म्हणायचे, तेव्हापासूनचं हे वेड. फ्रान्सच्या आरमाराची गोष्ट वाचताना मला सारखं आमचं भांडार आठवतं, आणि म्हणूनच ‘आळस’ हा शब्द खटकला.

१८५९ साली पाण्यात उतरलेली ‘ग्लुआर’ ही खोल समुद्रात जाणारी जगातली पहिली चिलखती युद्धनौका. ती फ्रान्सचीच. १८९० साली त्यांनी ‘दुप्युई द लोम’ ही क्रूझर, म्हणजे मोठ्या युद्धनौकेहून हलकी, वेगवान लढाऊ नौका, पाण्यात उतरवली. तिची बाजू वरपासून खालपर्यंत पोलादानं मढवलेली होती. आळशी माणसं असली कामं करत नाहीत. खोट दुसरीकडे होती. त्यांच्याकडे डोकी फार आणि मंत्री टिकत नसत. ॲडमिरल थेओफिल ओब १८८६ मध्ये नौदलमंत्री झाले. मोठ्या युद्धनौकांचे दिवस संपले, आता छोट्या टॉर्पेडो नौका आणि शत्रूची व्यापारी जहाजं गाठणाऱ्या वेगवान क्रूझर हव्यात, असं त्यांचं मत. पुढच्याच वर्षी ते गेले आणि वारं फिरलं. मग पुन्हा मोठ्या नौका.

त्या मोठ्या नौकांची तऱ्हा ऐका. १८९० च्या कार्यक्रमात पाच ठरल्या : शार्ल मार्तेल, कार्नो, जोरेगिबेरी, मासेना आणि बुव्हे. मंत्रालयानं वजन, वेग, तोफा अशा ढोबळ अटी घातल्या आणि आराखडे वेगवेगळे करून घेतले. बांधल्याही पाच ठिकाणी : ब्रेस्त, तूलों, ला सेन, सँ-नाझेर आणि लोरियां. एकीचं दुसरीशी जुळेना. पुढे लोक या ताफ्याला ‘नमुन्यांचं आरमार’ म्हणू लागले. त्याच दशकात ब्रिटननं ‘मॅजेस्टिक’ वर्गाच्या नऊ नौका एकाच आराखड्यावर काढल्या. भांडारात बसलेल्या माणसाला विचारा, हा फरक काय असतो! आमच्याकडे एकदा जहाजं ओढणाऱ्या दोन ‘जुळ्या’ टग आल्या होत्या. कागदावर जुळ्या. प्रत्यक्षात एकीचा पंप दुसरीला बसेना, आणि एकीसाठी मागवलेले सुटे भाग आठ वर्षं माझ्या फळीवर धूळ खात पडले. फ्रान्सनं तर अख्ख्या ताफ्याचं हे करून ठेवलं होतं.

शिवाय या नौकांचा आकार तांब्यासारखा. पाण्यालगत पोट फुगलेलं आणि वर अंग आत ओढलेलं. त्यानं वरचं वजन वाचे आणि बाजूच्या तोफांना पुढेमागे मारा करता येई. पण नौका एका कुशीवर कलली की सावरून धरायला वर अंगच उरत नसे. १८ मार्च १९१५ रोजी तुर्कस्तानातल्या दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत बुव्हे सुरुंगावर गेली. दोनेक मिनिटांत उलटून बुडाली, सहाशेहून अधिक माणसांसकट.

तोफांच्या दारूचं प्रकरण याहून वाईट. पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये शोधलेली धूर न करणारी ‘पुद्र ब’ फ्रान्सचा अभिमान होती. पण ही दारू जुनी झाली, उष्णता लागली, की आपोआप बिघडू लागे. १२ मार्च १९०७ रोजी तूलोंच्या सुक्या गोदीत उभी असलेली ‘येना’ फुटली. गोदी कोरडी, त्यामुळे दारूची कोठारं बुडवायला पाणीच नाही! शंभराहून अधिक माणसं गेली. चार वर्षांनी, २५ सप्टेंबर १९११ रोजी, त्याच बंदरात ‘लिबेर्ते’ फुटली. या वेळी सुमारे तीनशे गेले, त्यांत शेजारच्या जहाजांवरचेही होते. माल आला त्या क्रमानं बाहेर काढायचा, हे भांडाराचं पहिलं कलम. ते तिथं कोणी पाळलं असतं तर, असं मला आजही वाटतं.

आता छायाचित्रातली ‘दाँतों’. ब्रिटनच्या ‘ड्रेडनॉट’वर एकाच मापाच्या दहा मोठ्या तोफा होत्या. ती १९०६ मध्ये पाण्यात उतरली, आणि त्यानंतर, १९०७-०८ मध्ये, फ्रान्सनं सहा दाँतों बांधायला घेतल्या. त्यांवर ३०५ मिलिमीटरच्या चार आणि २४० च्या बारा तोफा. लांबून गोळे पाण्यात पडले की उडणारे फवारे पाहून नेम दुरुस्त करायचा असतो. दोन मापांचे फवारे एकमेकांत मिसळले, तर कोणता कुठल्या तोफेचा? गंमत म्हणजे यंत्रं अगदी नवी, पार्सन्सची टर्बाइन. नवरा आधुनिक, वऱ्हाड जुनं.

क्रूझरचंही तेच. ‘वाल्देक-रूसो’ आणि ‘एद्गार किने’ १९११ मध्ये तयार झाल्या, १९४ मिलिमीटरच्या चौदा-चौदा तोफा घेऊन. तोवर आठ बारा इंची तोफांची, त्यांच्याहून वेगवान अशी ब्रिटनची ‘इन्व्हिन्सिबल’ दोनेक वर्षं समुद्रावर फिरत होती. छोट्या, चपळ क्रूझर फ्रान्सकडे जवळजवळ नव्हत्याच. म्हणून इटलीच्या टाचेजवळच्या ओत्रांतोच्या सामुद्रधुनीत पहारा द्यायला भल्यामोठ्या चिलखती क्रूझर पाठवाव्या लागल्या. २७ एप्रिल १९१५ च्या रात्री त्यांतली ‘लेओं गांबेता’ ऑस्ट्रियाच्या पाणबुडीनं बुडवली. पाणबुडीचे कप्तान होते गेओर्ग फॉन ट्रॅप. साडेसहाशेहून जास्त माणसं गेली.

कूर्बे वर्गाची ‘जाँ बार’ मात्र नशिबवान. डिसेंबर १९१४ मध्ये तिलाही टॉर्पेडो लागला. तो नाळेतल्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकातल्या, वाइनच्या कोठारावर बसला. दारूगोळ्याचं कोठार त्याच्या लगेच मागे होतं. जहाज वाचलं, वाइन गेली. त्या जहाजावरच्या भांडारपालानं पुढे हिशेबात ती तूट कशी दाखवली असेल, हे जाणून घ्यायला मला फार आवडेल.

छायाचित्राखालच्या ओळीची दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त भांडारपाल, डोंबिवली