हलक्या हाताबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर,

अचूक निदानाबद्दल आभार आहेतच. पण हे पत्र खरं तर तुमच्या हलक्या हातासाठी आहे.

आमच्या मनी मांजरीच्या सोनोग्राफीत डाव्या अ‍ॅड्रिनलची (मूत्रपिंडाजवळच्या, संप्रेरकं बनवणाऱ्या छोट्या ग्रंथीची) गाठ सापडल्यावर तपासणी आटोपती घेता आली असती. तुम्ही मनीला जरा निवांत होऊ दिलंत, मग प्रोबवरचा (पोटावर फिरवायच्या सोनोग्राफीच्या उपकरणावरचा) दाब कमी करून उजवीकडे वळलात. मांजराच्या पोटावर प्रोब जोरात टेकला की अशुद्ध रक्ताची मोठी शीर चपटी होऊन दिसेनाशी होते, आणि उजवी अ‍ॅड्रिनल ग्रंथी नेमकी तिलाच बिलगून, यकृताच्या आडोशाला असते. डावी गाठसुद्धा लहान शिरांतून या मोठ्या शिरेत घुसू शकते. घुसली असेल तर शस्त्रक्रियेचा बेतच बदलतो. तुम्ही डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लावून खात्री केलीत: शीर मोकळी.

याआधी काय ऐकलं? ‘वय झालंय, किडनी गेली.’ किडनीच्या आजारातही पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो, हे मान्य. पण म्हातारी मांजर, मान छातीकडे झुकलेली, गोळ्या देऊनही पोटॅशियम वर येईना; एवढ्यावर अ‍ॅल्डोस्टेरॉनची, म्हणजे पोटॅशियम घटवणाऱ्या आणि रक्तदाब चढवणाऱ्या अ‍ॅड्रिनलच्या संप्रेरकाची, शंका यायला नको? आधीच्या सोनोग्राफीत तर अ‍ॅड्रिनलचं माप न देताच ‘नॉर्मल’ लिहिलं होतं. निरोगी मांजरात ती जेमतेम 3 ते 4.5 मिलिमीटर जाड, भोवतालच्या चरबीपेक्षा काळसर दिसते. डावी ग्रंथी डाव्या मूत्रपिंडाच्या आतल्या अंगाला, महाधमनीलगत शोधावी लागते. शोधलीच नाही तर नॉर्मलच असणार!

तुम्ही मात्र पडद्यावर दिसलं तेवढंच बोललात. म्हाताऱ्या मांजराच्या ग्रंथीत कॅल्शियमचे ठिपके असले म्हणून गाठ ठरत नाही. साधी गाठ की कर्करोग, हे सोनोग्राफीवरून कळत नाही. पोटॅशियम खाली असूनही रक्तात अ‍ॅल्डोस्टेरॉन चढलेलं असेल, तर संशय पक्का होतो. नमुना घ्यायला गाठीत सुई टोचायची घाई करू नका, हेही बजावलंत. गाठ अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्यं बनवणारी निघाली तर रक्तदाब एकदम उसळतो. माहीत नाही ते ‘माहीत नाही’ म्हणणारा डॉक्टर भेटला की निम्मी भीती तिथेच उतरते.

मोठ्या शिरेची चित्रं तुम्ही सर्जनसाठी मापांसकट वेगळी काढून दिलीत. त्यांनी आधी सीटी स्कॅन सांगितलाय. तोवर पोटॅशियम, अ‍ॅल्डोस्टेरॉनचा परिणाम रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन आणि रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे.

तुमचे ऋणी,
मनीच्या घरची माणसं